दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी स्वस्त, एकदाच वापरायची पिशवी : खानदेशात बसून उपकरण कसं घडवायचं

"मॅडम, पिशवी संपलीय. मोज्याची करू का?"

अंडाशयाच्या गाठीची शस्त्रक्रिया चालू होती आणि मी थिएटरच्या कोपऱ्यात हिरवा गाऊन घालून उभा होतो. सिस्टरने नवा निर्जंतुक हातमोजा फोडला. बोटांच्या मुळाशी दोऱ्याने आवळून गाठ मारली, बोटं कात्रीने छाटली आणि उरलेला तळवा सलाइनमध्ये दोनदा खळबळला. मनगटाकडची बाजू झाली पिशवीचं तोंड. ती गुंडाळून दहा मिलिमीटरच्या पोर्टमधून, म्हणजे पोटावरच्या छिद्रातल्या नळीतून, आत सोडली. पुढे पडद्यावर जे दिसलं त्यासाठीच हा लेख लिहितोय. ओला मोजा स्वतःलाच चिकटला होता आणि मॅडम दोन ग्रास्परनी (लांब दांड्याच्या चिमट्यांनी) त्याचं तोंड शोधत होत्या. एक कड पकडली की दुसरी मिटायची. सुटलेली गाठ तोवर आतड्यांवर पडून होती. घड्याळात अकरा मिनिटं गेली.

मी डॉक्टर नाही. जळगावच्या एमआयडीसीत फिल्म आणि सीलिंगच्या कामात माझी वीस वर्षं गेली. त्या दिवशी डोक्यात आलं ते एवढंच, की हे काम आपल्या धंद्यातलं आहे. त्यानंतर जे शिकलो ते क्रमाने मांडतो. आमची पिशवी अजून एकाही रुग्णावर वापरलेली नाही, आणि परवाना हातात येईपर्यंत वापरायचीही नाही. हा लेख वाचून कामाला लागणाऱ्यानेही ही मर्यादा पाळावी.

आधी पिशवी का लागते ते समजून घ्या

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा दाबाने, आणि सगळं काम पाच-दहा मिलिमीटरच्या छिद्रांतून होतं. गाठ सोडवता येते, पण ती बाहेर काढायची कशी? डर्मॉइड नावाच्या गाठीत तेलकट चरबी, केस आणि कधी दातसुद्धा असतात. ते पोटात सांडलं तर क्वचित का होईना, पोटाच्या आवरणाला दाह होतो. गाठीत कर्करोग लपलेला असेल तर प्रश्न जास्त गंभीर. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या २०१४ च्या वर्गीकरणानुसार एका अंडाशयापुरता असलेला आजार म्हणजे टप्पा १ए, पण शस्त्रक्रियेत गाठ फुटून सांडली की तो १सी१ ठरतो. म्हणजे पुढच्या उपचारांचा निर्णय एका पिशवीपाशी येऊन बदलू शकतो.

मोज्याची युक्ती देशभर चालते आणि ती वापरणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. हाताशी जे आहे त्यात रुग्णाचं भलं करण्याची ती धडपड आहे. पण मोजा या कामासाठी बनलेला नसतो. त्यावर पावडर असेल तर ती पोटात राहून आतले अवयव एकमेकांना चिकटू शकतात. अमेरिकेने पावडरच्या मोज्यांवर जानेवारी २०१७ पासून बंदी आणली ती अशाच कारणांनी. शिवाय काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते.

पायरी पहिली : थिएटरमध्ये उभं राहा, घाई करू नका

रुग्णालयाची लेखी परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन किमान पंधरा-वीस शस्त्रक्रिया पाहा. फोटो काढू नका. वही आणि स्टॉपवॉच पुरेसं आहे. पिशवी कोण उघडतं, तिला किती वेळ लागतो, आत गेल्यावर तोंड किती वेळात उघडतं, दोरी कोण ओढतं, बाहेर काढताना कुठे अडतं, नंतर पिशवी कुठे जाते, एवढं लिहीत राहा.

आमचं पहिलं गृहीतक पहिल्याच आठवड्यात मोडलं. बाजारातल्या चांगल्या पिशव्यांची रचना असं धरून चालते की कॅमेरा एका पोर्टमध्ये राहील आणि पिशवीसाठी दुसरं दहाचं पोर्ट मोकळं असेल. तालुक्याच्या रुग्णालयात बहुधा दहा मिलिमीटरची एकच दुर्बीण असते. ती बेंबीतल्या पोर्टमध्ये बसते आणि बाकीची पोर्टं पाचची. तिथल्या मॅडम शेवटी बाजूचं एक पोर्ट दहापर्यंत वाढवून घेत होत्या. म्हणजे आमच्या पिशवीला दांडा नसतानाही, नुसत्या दोरीवर आत जाता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट ट्रोकारची, म्हणजे पोर्ट करण्यासाठी पोटात घालतात त्या नळीची. इथे बहुतेक ठिकाणी धातूचे, पुन्हा पुन्हा वापरायचे ट्रोकार असतात. त्यांच्या आत वायू अडवणारी झडप असते आणि जुन्या झडपेची कड फिल्म चिरू शकते. म्हणून पिशवी ज्या नळीतून सोडायची ती नळी झडपेच्या पुढे जाईल इतकी लांब हवी. कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून हे मला कधी कळलं नसतं. सिस्टरने जुना ट्रोकार माझ्या हातात दिला आणि बोट आत घालून पाहायला सांगितलं, तेव्हा कळलं.

पायरी दुसरी : गरज एका वाक्यात लिहा, आणि नकारही लिहा

आमचं वाक्य असं झालं : "अंडाशयाची छोटी-मध्यम गाठ किंवा बीजवाहिनीतल्या गर्भाचे अवशेष न सांडता दहा मिलिमीटरच्या पोर्टमधून बाहेर काढण्यासाठी, एकच दुर्बीण असलेल्या थिएटरमध्ये, एका सिस्टरच्या मदतीने वापरता येईल अशी, एकदाच वापरायची निर्जंतुक पिशवी."

त्याच कागदावर खाली लिहिलं : ही पिशवी यंत्राने गर्भाशय किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) कापण्यासाठी नाही. ही ओळ काढून टाकण्याचा मोह होतो, कारण तो बाजार मोठा आहे. पण २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या साधारण ३५० स्त्रियांपैकी एकीत न ओळखलेला सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, असू शकतो, आणि फिरत्या पात्याने कापताना तो पोटभर पसरू शकतो. त्यानंतर २०२० मध्ये त्यांनी असं कापणं फक्त त्याच कामासाठी मंजूर झालेल्या बंदिस्त पिशवीतच करायला सांगितलं. फिरत्या पात्यासमोर टिकणारी पिशवी हे वेगळं उपकरण आहे. त्याच्या चाचण्या वेगळ्या, जोखीमही वेगळी. पहिल्याच प्रयत्नात त्या वाटेला जाऊ नका.

पायरी तिसरी : किंमत कशाशी स्पर्धा करतेय ते ओळखा

परदेशी बनावटीची, स्प्रिंगच्या कड्याने आपोआप उघडणारी पिशवी काही हजारांत जाते. तिच्या निम्म्या किमतीत विकू असं म्हणून लोक आनंदात कामाला लागतात. इथे गणित चुकतं. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेली बाई महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दाखल झाली की रुग्णालयाला ठरलेल्या पॅकेजमध्ये सगळं बसवावं लागतं. पिशवीचे वेगळे पैसे मिळत नाहीत. तिथे तुमची स्पर्धा आहे हातमोज्याशी आणि रसायनात भिजवून पुन्हा वापरलेल्या जुन्या पिशवीशी. मोजा करण्याच्या कटकटीपेक्षा आणि पिशवी धुण्याच्या कष्टांपेक्षा नवी पिशवी फोडणं सोपं वाटेल, इतकी ती स्वस्त हवी.

आता खर्चाकडे पाहा. ८० मायक्रॉनच्या टीपीयू (एक लवचिक, चिवट प्लॅस्टिक) फिल्मचं वजन चौरस मीटरला साधारण ९६ ग्रॅम भरतं. एका पिशवीला वाया जाणाऱ्या तुकड्यांसकट ०.०६ चौरस मीटर धरा, म्हणजे सहा ग्रॅमच्या आत. किलोला हजार रुपये धरले तरी फिल्म सहा रुपयांची. पाकीट, दोरी, नळी, निर्जंतुकीकरण हे धरूनही कच्चा खर्च आवाक्यात राहतो. खरा भार असतो चाचण्या, खोली, कागदपत्रं आणि तपासण्यांचा. समजा त्यावर वीस लाख लागले आणि दहा हजार पिशव्या विकल्या, तर नगामागे दोनशे रुपये नुसते त्याचेच. पन्नास हजार विकल्या तर चाळीस. म्हणून पातळ फिल्म लावून पन्नास पैसे वाचवण्यात अर्थ नाही. वाचवायचंच असेल तर भाग कमी करा आणि मापं कमी ठेवा. आम्ही एकच माप ठेवलं.

पायरी चौथी : रचना

माप असं काढलं. तोंडाचा व्यास ७० मिलिमीटर हवा, त्याहून लहान तोंडात ग्रास्परने धरलेली गाठ घालताना कसरत होते. ७० व्यासाचा परीघ २२० मिलिमीटर, म्हणजे सपाट पिशवीची रुंदी ११०. लांबी १५० धरली आणि तळाकडे निमुळती केली. शुद्ध शंकू धरला तर १९२ मिलिलिटर, गोल तळामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त. निमुळती का? बाहेर ओढताना गाठ आपोआप लांबट होते आणि पोर्टच्या वाटेला लागते.

मग ती नळीत मावते का ते पाहिलं. नळीचा बाहेरचा व्यास ९.८, आतला ८.६, म्हणजे आत ५८ चौरस मिलिमीटर जागा. फिल्मचे दोन थर ११० गुणिले ०.०८ म्हणजे सुमारे १८ चौरस मिलिमीटर, आणि पाच मिलिमीटरचा ढकलदांडा सुमारे २०. बेरीज ३८. गुंडाळीतली हवा आणि तोंडाची कड धरून कागदावर मावतं, हातानेही मावलं. १०० मायक्रॉनची फिल्मही बसते, पण गुंडाळी कडक होते.

फिल्मसाठी पॉलिइथिलीन सगळ्यात स्वस्त, पण ते ओढलं की ताणून पातळ होतं आणि टोकदार वस्तूने लवकर भोसकलं जातं. टीपीयू मऊ असूनही चिवट. त्यातही पॉलिइथर जातीचं घ्या, पॉलिएस्टर जातीचं ओलाव्याने हळूहळू कमकुवत होतं. रंगाचा निर्णय छोटा वाटेल, पण तो फार महत्त्वाचा. पारदर्शक फिल्मचा तुकडा पोटात पडला तर तो दिसणारच नाही. लाल, पिवळ्या, गुलाबी पोटात निळा रंग उठून दिसतो, म्हणून हलकी निळी झाक द्या. रंगाचा मास्टरबॅचही (दाण्यात मिसळायचा दाट रंग) वैद्यकीय दर्जाचा आणि कागदपत्रांसह आलेलाच हवा.

आपल्या भागात एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जळगावात चटई, पाइप, ठिबकच्या नळ्या यांचा धंदा मोठा आहे, डाय आणि एक्स्ट्रुजन जाणणारे हात इथे घरोघरी सापडतात. ते कौशल्य वापरा. पण रिप्रोसेस दाणा (जुनं प्लॅस्टिक वितळवून केलेला) या कामात एक ग्रॅमही चालत नाही, आणि ज्या मशीनवर तो चालतो तिच्यावर हे काम नको. दाण्याच्या प्रत्येक बॅगचा बॅच क्रमांक शेवटच्या पिशवीपर्यंत सापडला पाहिजे. एका पुरवठादाराने आम्हाला नमुन्यात एक फिल्म दिली आणि मालात दुसरी. हाताला दोन्ही सारख्याच लागत होत्या. सीलचं तापमान अचानक जुळेना, तेव्हा पत्ता लागला. तेव्हापासून आलेला प्रत्येक रोल आम्ही आधी सील करून, ओढून पाहतो.

तोंड उघडं राहण्यासाठी महागड्या पिशव्यांत धातूचं स्प्रिंगदार कडं असतं. खर्च तिथेच वाढतो. आम्ही कडेच्या दुमडीत नायलॉनची जाड एकतारी ओवली. सुरुवातीच्या नमुन्यांना गळाची तार लावली होती. पहिल्या दिवशी तोंड मस्त उघडलं. गुंडाळून तीन महिने ठेवलेल्या पिशवीचं मात्र उघडेना, तारेला गुंडाळीचीच सवय लागली होती. सिस्टर अमळनेरकडच्या. त्यांनी पिशवी हातात फिरवली आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई ते उघडसच नही." जाड तार, वेगळी तार, सगळं करून झालं. शेवटी उत्तर तारेत नव्हतंच, पॅकिंगमध्ये होतं. पिशवी पाकिटात उघडी, सपाट ठेवायची आणि वापरायच्या वेळीच नळीत भरायची. नळीच्या एका टोकाला नरसाळं दिलं, पिशवी त्यातून दोन बोटांनी आत सरकते. सिस्टरचे अर्धा मिनिट जास्त जातात, पण धातूचं कडं वाचलं आणि सरावाच्या पेटीत तोंड पहिल्या खेपेला उघडतं.

दोरी पॉलिएस्टरची विणलेली घ्या, गुळगुळीत एकतारीवर गाठ सरकून सैल होते. गाठ एकाच दिशेने सरकणारी, शल्यचिकित्सक रोडरची गाठ म्हणून ओळखतात ती. दोरीचं टोक कायम पोटाबाहेर राहील इतकी लांबी ठेवा. मग दांडा नसला तरी पिशवी आत सुटी होत नाही.

पायरी पाचवी : सील

आमच्या पहिल्या पन्नास पिशव्यांत तळाला काटकोन होता. पाणी भरून ओढलं की फाटायची ती नेमकी कोपऱ्यात, सगळा ताण तिथे एकवटतो. तळ गोल केला आणि सील तीन मिलिमीटरवरून पाच केलं, प्रश्न मिटला.

किराणा दुकानात असतं तसं पायाने दाबायचं इम्पल्स सीलर नमुन्यांसाठी ठीक आहे, मालासाठी नाही. शेतातले पंप सुरू झाले की आमच्या फीडरवर व्होल्टेज खाली येतं, आणि त्याच सीलरचं त्याच वेळेतलं सील कच्चं निघतं. डोळ्यांना फरक दिसत नाही. म्हणून तापमान सतत मोजून राखणारा जॉ (सील दाबणारा जबडा), दाबासाठी रेग्युलेटर आणि वेगळा स्टॅबिलायझर घ्या. मग तापमान, वेळ आणि दाब यांची खिडकी शोधा. कुठल्या तापमानाला सील सोलून निघतं, कुठे फिल्म पातळ होऊन कडेने फाटते, आणि या दोन्हींच्या मधोमध काम करा. खिडकीच्या दोन्ही टोकांवर बनवलेल्या पिशव्याही चाचणीत पास झाल्या तरच मशीन प्रमाणित झालं म्हणायचं.

पायरी सहावी : टेबलावरच्या चाचण्या

सरावाची पेटी प्लॅस्टिकच्या क्रेटची करा. वर रबरी शीट, तिला ट्रोकारची भोकं, आत वेबकॅम आणि दिवा. गाठ म्हणून काय घालायचं? फुग्यात वितळलेलं वनस्पती तूप आणि केसांचे तुकडे भरा, ३७ अंशाच्या पाण्यात ठेवा, डर्मॉइडच्या बरंच जवळ जातं. मऊ आणि निसटत्या गाठीसाठी आपल्याकडे उत्तम वस्तू आहे : भरताचं वांगं, भाजून सोललेलं. ग्रास्परने घट्ट धरलं तर कुस्करतं, सैल धरलं तर निसटतं. छोट्या आकाराचं निवडा. पिशवीत घालून बाहेर ओढताना ते अगदी गाठीसारखं लांबट होत पोर्टमध्ये शिरतं.

गळतीसाठी मिथिलीन ब्लू मिसळलेलं पाणी भरून पिशवी टिपकागदावर पंधरा मिनिटं टांगा. कागदावर निळा ठिपका दिसला तर पिशवी बाद. ताकदीसाठी आधी डॉक्टर खरोखर किती ओढतात ते मोजा. क्रेटवर सराव करताना दोरीला लटकता वजनकाटा लावला की आकडा मिळतो. पाच-सहा डॉक्टरांचे आकडे घ्या, सगळ्यात मोठा दुप्पट करा आणि तेवढं वजन टांगूनही पिशवी गळता कामा नये असं लिहून ठेवा. ओढल्यानंतर निळ्या पाण्याची चाचणी पुन्हा करायची, कारण खरी गळती ताणानंतर कळते.

किती पिशव्या तपासायच्या? दहा तपासून दहा पास झाल्या तर त्यातून फार थोडं सिद्ध होतं. ५९ तपासल्या आणि एकही नापास झाली नाही, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की किमान ९५ टक्के पिशव्या चांगल्या आहेत. ९९ टक्क्यांसाठी तोच आकडा २९९ होतो. फाटून सांडणं हा सगळ्यात गंभीर दोष, म्हणून गळतीसाठी आम्ही २९९ धरले. पाकिटावरच्या छपाईसारख्या बाबींना ५९ पुरतात.

फिल्मचा ताण आणि जाडी यांच्या अधिकृत अहवालांसाठी छत्रपती संभाजीनगरला सिपेट ही केंद्र सरकारची प्लॅस्टिकविषयक संस्था आहे. अजिंठ्याच्या घाटातून सकाळी निघालं की काम करून रात्री परत येता येतं.

पायरी सातवी : काय काय बिघडू शकतं ते लिहून काढा

याचा मानक आहे आयएसओ १४९७१. त्याचा मोठा तक्ता करण्याआधी डॉक्टर, सिस्टर, भूलतज्ज्ञ आणि थिएटरच्या मावशी यांना एका टेबलाभोवती बसवा आणि एकच प्रश्न विचारा : यात बाईला इजा कशी होऊ शकते? आमच्या बैठकीत सगळ्यात मोलाचा मुद्दा मावशींनी काढला. "वापरून झाली की ही पिशवी धुवायला माझ्याकडेच येणार." पुन्हा वापर होणारच हे धरून रचना करायची ठरली ती तिथे. आता दोरी पूर्ण आवळली की दोरीची गाठ अडकते, मागे सरकत नाही. आतली अंडाशयाची गाठ काढण्यासाठी पिशवी कापूनच उघडावी लागते. वापरलेली पिशवी जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे लाल पिशवीत, आणि आतली गाठ फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे.

दोरी आवळताना आतडं किंवा बीजवाहिनी पिशवीच्या तोंडात सापडणं हा दुसरा मोठा धोका. त्यावर रचनेने पूर्ण उपाय होत नाही. तोंड कॅमेऱ्यात पूर्ण दिसल्याशिवाय दोरी ओढू नये ही सूचना माहितीपत्रकात पहिल्या ओळीत, मराठीत आणि इंग्रजीत, चित्रासह द्यायची.

पायरी आठवी : पाकीट, निर्जंतुकीकरण आणि आपला उन्हाळा

१२१ अंशाच्या ऑटोक्लेव्हमध्ये हे सील विकृत होतात. उरतात दोन वाटा, इथिलीन ऑक्साइड वायू आणि गॅमा किरण. गॅमाला साधारण २५ किलोग्रे मात्रा देतात. मुंबईत ट्रॉम्बेला अणुऊर्जा विभागाचं आयसोमेड केंद्र १९७४ पासून हेच काम करतं. पण टीपीयूच्या काही जाती किरणांनी पिवळ्या पडतात, म्हणून आम्ही वायू निवडला. वायू आत जायला आणि बाहेर यायला पाकिटाची एक बाजू श्वास घेणारी हवी, वैद्यकीय दर्जाच्या कागदाची. नुसत्या प्लॅस्टिकच्या पाकिटात निर्जंतुकीकरण होतच नाही.

प्रक्रिया प्रमाणित करताना दहा लाख बीजाणूंच्या पट्ट्या मालात सगळ्यात अवघड जागी ठेवतात आणि अर्ध्या वेळेच्या चक्रातही ते सगळे मेले पाहिजेत. मग पूर्ण चक्रात दहा लाखांत एकापेक्षा जास्त पिशवी निर्जंतुक न होण्याची शक्यता नसते. त्यानंतर वायूचा उरलेला अंश मोजावा लागतो. चोवीस तासांच्या आतल्या संपर्काच्या उपकरणासाठी आयएसओ १०९९३-७ मध्ये ४ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. रुग्णालयातल्या छोट्या कार्ट्रिज मशीनवर विकायचा माल निर्जंतुक करू नका. त्या मशीनवर तुमच्या मालासाठी ही प्रक्रिया प्रमाणित झालेली नसते.

सिस्टर पाकीट फोडते तेव्हा हातमोजे ओले असतात. आमच्या पहिल्या पाकिटाच्या कडा दोन मिलिमीटर होत्या, चिमटीत येतच नव्हत्या, कागद फाटून त्याचा कीस टेबलावर पडायचा. आता पंधरा मिलिमीटरचे मोकळे पंख आहेत.

आणि ऊन. मे महिन्यात भुसावळच्या पत्र्याच्या गोदामात टीपीयूचे थर एकमेकांना चिकटतात. खडबडीत पृष्ठभागाची फिल्म आणि आत एक पातळ निर्जंतुक करता येणारी कागदी पट्टी, एवढ्याने आमचं काम झालं. मुदत ठरवताना ५५ अंशांवर पिशव्या ठेवून काळ लवकर पुढे नेतात. दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो असं धरतात. सरासरी साठवण २५ अंश धरली तर एक वर्ष ४६ दिवसांत होतं. पण आपल्याकडे २५ धरणं खरं नाही. ३० धरलं की तेच वर्ष ६५ दिवसांचं होतं. तेवढे दिवस द्या.

पायरी नववी : खोली आणि परवाने

पिशवी बनवायला आयएसओ वर्ग ८ ची स्वच्छ खोली लागते. जागा घेताना शेजारी कोण आहे ते पाहा. जिनिंगचा कापूस आणि डाळमिलची धूळ हिवाळ्यात फिल्टर लवकर भरते. फिल्मवर स्थिर वीज असते, ती धूळ ओढून घेते, म्हणून आयनायझर ठेवा.

कायदा आहे वैद्यकीय उपकरण नियम २०१७. त्यात उपकरणं अ ते ड अशा चार वर्गांत बसतात. थोड्या वेळासाठी शस्त्रक्रियेने शरीरात जाणारं उपकरण सर्वसाधारणपणे ब वर्गात येतं. सीडीएससीओने, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने, प्रसिद्ध केलेल्या यादीत तुमच्या उपकरणाचं नाव पाहून खात्री करा. ब वर्गाला परवाना ऑक्टोबर २०२२ पासून सक्तीचा आहे. चाचणीपुरता थोडा माल बनवायलाही परवाना लागतो, अर्ज एमडी-१२ आणि परवाना एमडी-१३. विक्रीसाठी ब वर्गाचा अर्ज एमडी-३ राज्याच्या परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे जातो, अधिसूचित संस्था येऊन कारखाना तपासते, मग एमडी-५ मिळतो. सोबत कारखान्याची आणि उपकरणाची मास्टर फाइल आणि पाचव्या अनुसूचीप्रमाणे गुणवत्ता व्यवस्था हवी. ही व्यवस्था शेवटी उभी करायची म्हटलं तर जुन्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, कारण तेव्हाच्या नोंदी नसतात. वही पहिल्या दिवसापासून, पानांना क्रमांक घालून ठेवा.

शरीराशी सुसंगतीच्या चाचण्या आयएसओ १०९९३ प्रमाणे होतात : पेशींवर विषारी परिणाम, संवेदनशीलता, दाह, ताप आणणारे घटक, तीव्र विषबाधा. त्या तयार, निर्जंतुक केलेल्या पिशवीवर करायच्या, नुसत्या फिल्मवर नाही. महाग आहेत, म्हणून साहित्य पक्कं ठरल्यानंतरच पाठवा. दोरीचा रंग बदलला तरी काही चाचण्या पुन्हा होतात.

रुग्णावर अभ्यास करायचा असेल तर नोंदणीकृत नीतिमत्ता समिती आणि सातव्या अनुसूचीची वाट धरावी लागते. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्या विभागांशी बोलणं लवकर सुरू करा.

पैशांसाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या बिग योजनेत पन्नास लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. रचनेच्या सल्ल्यासाठी आयआयटी मुंबईचं बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आणि नव्या उद्योगांना मदत करणारं पुण्याचं व्हेंचर सेंटर आहे. पेटंटचा तात्पुरता अर्ज थिएटरबाहेरच्या कुणालाही नमुना दाखवण्याआधी करा, त्यानंतर पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. भारतात शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, उपकरणावर मिळतं. दावा तसाच लिहून घ्या.

विक्रीनंतर

परवानाधारकाला गंभीर, अनपेक्षित घटना कळल्यापासून पंधरा दिवसांत कळवावी लागते. देशात मटेरियोव्हिजिलन्स, म्हणजे उपकरणांमुळे होणाऱ्या इजांची नोंद ठेवण्याचा कार्यक्रम २०१५ पासून चालतो, रुग्णालयंही तिथे तक्रार नोंदवू शकतात. माहितीपत्रकावर एक फोन क्रमांक द्या, आणि तो उचलणारा माणूस सीलिंग समजणारा असू द्या.

सध्या आमच्या दुसऱ्या बॅचच्या चाळीस पिशव्या भुसावळच्या त्याच गोदामात, वरच्या फळीवर, तारीख लिहून ठेवल्या आहेत. ओव्हनमधल्या ६५ दिवसांवरच आम्ही भरवसा ठेवलेला नाही. येत्या मे अखेरीस त्यातल्या दहा काढायच्या, वांगी भाजायची आणि सिस्टरना क्रेटपुढे उभं करायचं. पिशवी त्या भरतील आणि तोंड उघडलं की नाही तेही त्याच सांगतील.